काट्याला वेग कोणी शिकवला?

गाडी महामार्गाला लागली की मुलांचे लक्ष हमखास चालकापुढच्या तबकडीकडे जाते. काटा साठवर गेला, सत्तरवर गेला, ऐंशीला टेकला, असे समालोचन सुरू होते. अशा वेळी त्यांना एक प्रश्न विचारून पाहावा. "काटा साठवर आहे म्हणजे गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, हे कशावरून?" बहुतेक मुले उत्तर देतात, "मीटर दाखवतो म्हणून." मग पुढचा प्रश्न विचारावा. "आणि मीटरला कोणी सांगितले?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वेग म्हणजे कापलेले अंतर भागिले लागलेला वेळ, हे सातवीतला विद्यार्थीही सांगेल. पण नेहमीच्या यांत्रिक वेगमापकात अंतर मोजणारी पट्टी नसते आणि वेळ मोजणारे घड्याळही नसते. बाहेरचा रस्ता त्याला दिसत नाही. त्याला फक्त एवढेच कळते, की आपल्याला जोडलेली केबल भरभर फिरते आहे की हळू. त्या फिरण्याला 'ताशी ६० किलोमीटर' हे नाव माणसाने दिलेले असते. असे नाव देण्याच्या आणि ते बरोबर आहे की नाही हे पडताळण्याच्या क्रियेला कॅलिब्रेशन, म्हणजे अंशांकन म्हणतात. वेगमापकाच्या अंशांकनाची ही गोष्ट सुरू होते ती मोटारीच्या कितीतरी आधी, बैलगाडी आणि घोडागाडीच्या चाकापाशी.

चाकाचे फेरे मोजणारे

रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन आहे. गाडीच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ४०० दात्यांचे एक चक्र एका दात्याने सरकते. चक्राचा पूर्ण फेरा झाला, की साडेबारा गुणिले चारशे म्हणजे ५,००० फूट, अर्थात एक रोमन मैल पुरा होतो. मग एक गोटी भांड्यात खळ्ळकन पडते. मुक्कामाला पोचल्यावर गोट्या मोजायच्या, की झाले.

दुसरे उदाहरण १८४७ सालचे आहे. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या लोकांचा पहिला तांडा पश्चिमेकडे सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाला होता. दिवसभरात किती मैल झाले याचे अंदाज रोज सांगितले जात, आणि ते एकमेकांशी जुळत नसत. विल्यम क्लेटन हा तांड्याचा टिपणे ठेवणारा गृहस्थ. त्याने एका गाडीच्या चाकाचा परीघ काळजीपूर्वक मोजला. तो भरला १४ फूट ८ इंच. या मापाची गंमत अशी, की अशा चाकाचे बरोबर ३६० फेरे झाले म्हणजे ५,२८० फूट, म्हणजेच नेमका एक मैल होतो. क्लेटनने चाकाला लाल फडके बांधले आणि गाडीबरोबर चालत दिवसभर फेरे मोजले. पहिल्या दिवशी ४,०७० फेरे भरले, म्हणजे सव्वाअकरा मैलांहून किंचित जास्त. इतरांचे अंदाज याहून बरेच मोठे होते. थकलेल्या पायांना रस्ता लांब वाटतो, चाकाला तसा वाटत नाही.

फेरे मोजून कंटाळलेल्या क्लेटनने यंत्राचा आग्रह धरला. ऑर्सन प्रॅट यांनी रचना सुचवली आणि अ‍ॅपलटन हार्मन या कारागिराने ती लाकडात उतरवली. गाडीचे चाक सहा वेळा फिरले की एक दांडा एकदा फिरे, आणि तो साठ वेळा फिरला की मैलाचे चक्र एकदा. सहा गुणिले साठ म्हणजे ३६०. हे दात्यांचे गणित चाकाच्या परिघाशी बांधलेले होते. तेच यंत्र दुसऱ्या मापाच्या चाकाला लावले असते, तर तितक्याच निष्ठेने त्याने चुकीचे मैल मोजले असते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

मोजलेला रस्ता आणि घड्याळ

अंतर मोजले तरी वेग मोजायला वेळही हवा. मोटारीच्या पहिल्या काळात ही दोन्ही कामे गाडीबाहेर होत. १८ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसजवळच्या अशेर येथे गास्तों द शासलू-लोबा याने विजेवर चालणारी गाडी एक किलोमीटरच्या मोजलेल्या पट्ट्यावर धाववली. वेळ लागला ५७ सेकंद. तासाचे ३,६०० सेकंद भागिले ५७, म्हणजे वेग ताशी ६३.१५ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ रोजी, बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने तोच पट्टा विजेच्याच गाडीने ३४ सेकंदांत कापला. वेग ताशी १०५.८८ किलोमीटर. माणसाने मोटारीत शंभरी ओलांडल्याचे हे गणित पाटीवर करण्यासारखे आहे. ३४ ऐवजी ३५ सेकंद धरले तर वेग १०२.८६ निघतो, हेही मुलांना काढायला सांगावे. घड्याळातील एका सेकंदाची किंमत तीन किलोमीटर!

पण अशा रीतीने कळणारा वेग धाव संपल्यावर कळतो. रस्त्यावरच्या साध्या चालकाला तो त्या क्षणी कळायला हवा, कारण एव्हाना कायदा मध्ये आला होता. २८ जानेवारी १८९६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात पॅडक वुड गावातून वॉल्टर आर्नल्ड यांनी मोटार नेली. वस्तीत मर्यादा होती ताशी २ मैल, आणि त्यांच्यावर आरोप होता ताशी ८ मैलांचा. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग. हा आठ मैलांचा आकडा गाडीतील कोणत्याही उपकरणाने दिलेला नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत आणि १९०३ च्या कायद्याने २० मैलांपर्यंत वाढली. मग पोलीस रस्त्याचा मोजलेला पट्टा आणि घड्याळ घेऊन झुडपाआड बसू लागले. समजा पट्टा एक फर्लांगाचा आहे. तो साडेबावीस सेकंदांपेक्षा कमी वेळात कापला, तर मर्यादा मोडली. पोलिसापाशी मोजलेला रस्ता आणि घड्याळ, तर चालकापाशी केवळ अंदाज! अशा सापळ्यांची चालकांना आधी सूचना द्यावी, हा १९०५ साली तेथे स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचा एक मूळ हेतूच होता. चालकाच्या डोळ्यांपुढे वेगाचा आकडा असणे आता चैनीची गोष्ट राहिली नव्हती.

तांब्याच्या तबकडीपासून वेगमापकापर्यंत

यासाठी उपयोगी पडलेला शोध मोटारीसाठी लागलेला नव्हता. १८२४ साली फ्रान्समध्ये आरागो यांच्या लक्षात आले, की टांगलेल्या चुंबकसूचीखाली तांब्याची तबकडी फिरवली, तर सूचीही तिच्या मागोमाग वळते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे कसे? उत्तर १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शोधातून मिळाले. चुंबकाजवळून धातू हलला की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात. हे भोवरी प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करतात, आणि त्या ओढीने चुंबक व धातू एकमेकांना बरोबर नेऊ पाहतात.

१९०२ साली स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी या तत्त्वावरील वेगमापकाचे पेटंट घेतले. त्याची रचना पुढे सुमारे ऐंशी वर्षे जगभरच्या गाड्यांत थोड्याफार फरकाने राहिली. आपल्याकडच्या जुन्या मोटारी आणि स्कूटर यांतही तीच होती. गिअरबॉक्सपासून किंवा पुढच्या चाकापासून निघालेली लवचीक केबल एका लहान चुंबकाला फिरवते. चुंबकावर, त्याला न शिकवता, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी उपडी बसवलेली असते आणि वाटीच्या आसाला काटा. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि वाटीही त्याच्या मागे फिरू पाहते. पण घड्याळातल्या बालकमानीसारखी एक बारीक स्प्रिंग तिला मागे ओढते. वाटीवरची ओढ चुंबकाच्या फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, तर स्प्रिंगचा विरोध काट्याच्या कोनाच्या प्रमाणात. जेथे दोन्ही समान होतात तेथे काटा थांबतो. म्हणून वेग दुप्पट झाला की कोनही दुप्पट होतो, आणि तबकडीवरच्या रेघा समान अंतरावर आखता येतात.

सिद्धांत येथे संपतो. कोन वेगाच्या प्रमाणात असतो हे फॅरडे सांगतात, पण ताशी ६० ला तो किती अंश हे सांगत नाहीत. ते चुंबकाच्या बळावर, वाटीच्या जाडीवर आणि स्प्रिंगच्या ताठपणावर अवलंबून असते, आणि कारखान्यातून निघणारे कोणतेही दोन चुंबक तंतोतंत सारखे नसतात. म्हणून प्रत्येक वेगमापकाला ठरावीक गतीने फिरणारा दांडा जोडतात. अमेरिकेतील गाड्यांत मैलाला केबलचे १,००० फेरे हे प्रमाण रूढ होते. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, तेव्हा केबल मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरवायची आणि काटा साठवर यायला हवा. चुंबक आधी हेतुपुरस्सर जास्त बळाचा करतात. मग बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने त्याचे बळ थोडेथोडे उतरवत काटा नेमका रेघेवर आणतात. काटा वेग शिकतो तो असा.

उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध दर दहा अंश सेल्सियसला सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. रोध वाढला की भोवरी प्रवाह मंदावतात. हिवाळी पहाटेच्या १० अंशांना बरोबर असलेला काटा मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांना खऱ्या ६० ऐवजी सुमारे ५४ दाखवेल. यावर उपाय म्हणून चुंबकाजवळ निकेल व लोखंड यांच्या मिश्रधातूचा तुकडा बसवतात. तो चुंबकीय क्षेत्राचा काही भाग वाटीकडे न जाऊ देता परस्पर वळवतो. तापल्यावर त्याची ही क्षमता कमी होते, वाटीला क्षेत्राचा अधिक वाटा मिळतो आणि तूट भरून निघते.

साखळीतला शेवटचा दुवा

आता क्लेटनच्या चाकाकडे परत येऊ. कारखान्याने काट्याला केबलचे फेरे शिकवले. केबलचे फेरे चाकाच्या फेऱ्यांशी दात्यांनी जोडलेले आहेत. पण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे टायर ठरवतो, आणि टायर झिजतो.

समजा नव्या टायरची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि त्यावरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आहे. ती झिजून १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे त्रिज्या ६.४ मिलिमीटरने, सुमारे २.१ टक्क्यांनी घटली. आता तेवढेच अंतर कापायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडी खऱ्या ६० च्या वेगाने जात असताना काटा ६१ च्या थोडा पुढे जाईल. गोटा झालेला टायर इतर बाबतींत कितीही धोक्याचा असला, तरी वेगमापकाला तो बढाईखोर बनवतो. याउलट हौसेने मोठे टायर बसवले, तर काटा कमी दाखवू लागतो. त्रिज्या पाच टक्के वाढली, तर काटा साठवर असताना गाडी ६३ ने धावत असते, आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो.

किलोमीटर मोजणारे आकडेही त्याच केबलवर चालतात. पण तेथे चुंबक आणि स्प्रिंग नसून नुसते दाते असतात. म्हणून चुंबक दुबळा झाला तरी किलोमीटर बरोबर राहतात, फक्त काटा चुकतो. टायर बदलला तर मात्र दोन्ही एकाच प्रमाणात चुकतात. दोष कोठे आहे हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

चूक कोणत्या बाजूला असावी?

चुंबक, स्प्रिंग, तापमान, टायरची झीज, टायरमधील हवा अशा इतक्या दुव्यांची साखळी पूर्ण अचूक असणार नाही, हे उघड आहे. मग चूक राहणारच असेल, तर ती कोणत्या बाजूला राहू द्यावी? या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही. ते माणसांनी ठरवावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ३९ मध्ये ते असे ठरवले आहे. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर तो खऱ्या वेगाच्या एकदशांशात ४ मिळवून येणाऱ्या संख्येहून जास्त नसावा. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ८० पासून ९२ पर्यंत कोठेही असलेला चालेल, पण ७९ वर चालणार नाही. म्हणूनच अनेक उत्पादक काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात.

एका बाजूची चूक क्षम्य आणि दुसऱ्या बाजूची अक्षम्य का? एक उदाहरण घेऊ. काटा साठवर आहे, पण गाडी प्रत्यक्षात ६६ ने धावते आहे. शाळेसमोर एक मूल रस्त्यावर येते. ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ६६ चा वर्ग ४,३५६ आणि ६० चा ३,६००. फरक ७५६, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे साडेसत्तावीस. याचा अर्थ, एकाच ठिकाणी तितकेच जोरात ब्रेक दाबले, तर ६० ची गाडी जेथे पूर्ण थांबते, तेथे ६६ ची गाडी अजून ताशी साडेसत्तावीस किलोमीटर वेगाने पुढे जात असते. काट्याची चूक दहा टक्क्यांची आहे. तिची किंमत मात्र टक्क्यांत मोजता येणारी नाही.

मुंबईकरांना याची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. टॅक्सीचे किंवा रिक्षाचे मीटर 'फास्ट' आहे अशी तक्रार असते, तेव्हा तेथेही चाकाचे फेरे, दात्यांचे किंवा इलेक्ट्रॉनिक गणित आणि टायरचे माप हीच साखळी असते. पण वेगमापकाने जास्त दाखवले तर गाडी हळू चालते, आणि भाड्याच्या मीटरने जास्त दाखवले तर प्रवाशाच्या खिशाला चाट बसते. म्हणून भाड्याचे मीटर तपासून त्याला सील लावावे लागते. उपकरणाची चूक कोणाच्या पदरात पडते, हे पाहिल्यावाचून 'थोडीशी चूक' असे म्हणू नये.

काटा पुढे असतो हे कळल्यावर काही चालक मनातल्या मनात पाच-दहा वजा करून गाडी हाकतात. हे धोक्याचे आहे. मीटर जास्त दाखवत असेल, एवढेच नियमावरून समजते. आपल्या गाडीचा मीटर, याच टायरवर, किती जास्त दाखवतो, हे मोजल्याखेरीज कळत नाही.

वर्गासाठी प्रयोग

हे मोजणे अवघड नाही. अशेरला १८९८ साली जे केले, तेच आपण करायचे. सहलीच्या गाडीत, सरळ व मोकळ्या रस्त्यावर, चालकाने काटा एका आकड्यावर स्थिर ठेवावा. चालकाने फक्त गाडी चालवावी. घड्याळ एका विद्यार्थ्याने व वही दुसऱ्याने सांभाळावी. किलोमीटरच्या दगडांवरून वेळ घ्यावा. एका किलोमीटरला ६० सेकंद लागले तर वेग ६०, ७२ लागले तर ५० आणि ९० लागले तर ४०. एखादा दगड जागचा हललेला असू शकतो आणि बटण दाबायलाही अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो. म्हणून एकाऐवजी सलग पाच किलोमीटरचा वेळ घ्यावा. चूक तेवढीच राहते, पण ती पाचपट मोठ्या काळात वाटली जाते.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक काढून टाकली. त्यामुळे आता खिशातला मोबाइलही वेग सांगतो. त्याचीही तुलना करावी, मात्र वेग काही काळ स्थिर असतानाच, कारण वेग बदलत असताना तो थोडा मागे पडतो. नव्या गाड्यांत केबल नसते. चाकाजवळचा संवेदक विद्युत स्पंद मोजतो. पण एका स्पंदामागे रस्ता किती, हे त्यालाही टायरच्या मापावरूनच सांगावे लागते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ४०, ५०, ६० आणि ७० या वेगांची निरीक्षणे रस्त्यावरील मर्यादा पाळून घ्यावीत आणि आलेख काढावा. आडव्या अक्षावर खरा वेग, उभ्या अक्षावर दाखवलेला. फरक सर्वत्र सारखाच असेल तर काटा शून्यावरच सरकलेला आहे. फरक वेगाबरोबर वाढत असेल तर दोष टायरचा किंवा चुंबकाचा. नियम ३९ मधील '४' आणि 'एकदशांश' या दोन संख्या याच दोन प्रकारच्या चुकांना दिलेली सूट आहे, हे मग आपोआप लक्षात येईल. गाडी नसेल तर सायकलच्या आरीला लाल फडके बांधावे आणि मैदानावर मोजलेल्या १०० मीटरवर फेरे मोजावेत. एकदा सायकलवर बसून आणि एकदा ती नुसती हाताने ढकलत. दोन उत्तरांत जो बारीक फरक पडेल, तो का पडला याची चर्चा एक तास सहज पुरेल.

प्रयोगशाळेतला तानकाटा, तापमापक, व्होल्टमीटर या प्रत्येकाचा काटा कोणीतरी, कधीतरी, कशाशी तरी ताडून शिकवलेला असतो. विद्यार्थी आकडा वाचायला लवकर शिकतात. तो आकडा कोठून आला हे विचारायलाही त्यांनी शिकावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपल्या शाळेत हा प्रयोग झाला, तर निरीक्षणांचा तक्ता आम्हाला अवश्य पाठवावा. टायरचे माप लिहायला मात्र विसरू नये.